वारा लागेल अशा जागी

बाई, काल संध्याकाळी कोशातून बाहेर आलेलं ते मोठं, पिवळसर पतंगाचं पाखरू मादीच आहे. कृषी महाविद्यालयात कीटकशास्त्र शिकवणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांनी फोटो बघून तसं सांगितलं. पोट जाड, मिशा बारीक; नराच्या मिशा पिसासारख्या रुंद असतात. हे तुम्हीच शिकवलं होतंत, तरी मी दुसऱ्याकडून खात्री करून घेतली. वर्तमानपत्रात इतकी वर्षं काढल्यावर ही सवय जात नाही. लालबाग महालाच्या बागेत अर्जुनाच्या झाडाखाली माझ्या मुलीला तो कोश सापडला होता. टसर रेशमाचा, लहान अंड्याएवढा. मादी बाहेर आल्यावर मुलीनं ती हौसेनं काचेच्या बरणीत ठेवली, आणि मी एकदम तुमच्या आवाजात बोललो, "काचेत नाही गं. तिला वारा लागायला हवा."

लहानपणी परदेशीपुऱ्यातल्या शाळेत, तुमच्या वर्गात, मीही हेच केलं होतं. तुम्ही बरणी माझ्या हातातून काढून घेतलीत आणि मादीला भाजी झाकायच्या जाळीखाली वर्गाच्या खिडकीत ठेवलंत. ती आता गंध सोडेल, म्हणालात, आपल्याला येणार नाही असा, आणि कोसभर लांबचा नर तो धरून इथवर येईल. बाहेर मिलचं तेल, कापूस, कढईतल्या कचोऱ्या. एवढ्या वासांतून तिचा कुणाला कसा लागणार, याचा विचार करत मी मधल्या सुट्टीतही तिथेच उभा राहायचो. तिला तोंडच नाही, थोडेच दिवस जगणार, हेही तुम्ही सांगून ठेवलेलं. दोन सकाळी गेल्या. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "मॅडम, दूल्हा रास्ता भूल गया." तुम्ही फळ्याकडून वळलाही नाहीत. "भिया, तू आधी प्रार्थनेला वेळेवर येत जा, मग दुसऱ्याच्या उशिराचं बोल." तिसऱ्या सकाळी जाळीत दोघं होती, एकमेकांना जोडलेली, स्तब्ध. सगळा वर्ग खिडकीशी गोळा झाला. त्यानंतर कितीतरी दिवस मला हवेत न दिसणाऱ्या वाटा आहेत असं वाटायचं.

पुढे खडू आणायला तुम्ही मला तुमच्या टेबलाशी पाठवलंत. खणात एक फुटका कोश होता. मादीचा कोश तर खिडकीतच टांगलेला होता. मी काही विचारलं नाही, आणि नंतर विचारायला तुम्ही राहिला नाहीत.

आज मुलगी शाळेतून आल्यापासून खिडकीशी बसली आहे. "बाबा, तो जल्दी आला पाहिजे ना? हिच्याकडे टाइमच नाहीये." वारा लालबागेकडे वाहतो आहे. येईल, मी म्हणालो, आणि म्हणताना माझा आवाज अगदी तुमच्यासारखा शांत निघाला.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, म्हणून सांगतो. त्याच झाडाखालून मी दुसरा कोशही उचलला होता, मुलीला न दाखवता. लहान आणि हलका आहे, बहुधा नर. तो कपाटात आहे, तुमच्या खणातल्यासारखा. दुपारी पाहिलं तर त्याचं टोक ओलसर झालेलं. अंधार पडेपर्यंत फुटेल. तोवर लालबागेकडून कुणी आलं, तर मला कपाटाचं ते दार उघडावं लागणार नाही.