परक्या आजीचं सुतक

बाबा,

बोरिवलीला जागा मिळाली. एक खोली आणि स्वयंपाकघर, मोरीत स्वतःचा नळ. हे आधी तुम्हाला सांगायला हवं, कारण गणपतीला गिरणीतून गावी आलात की तुम्ही आईला दरवर्षी म्हणायचात, ‘खोली झाली की नेतो.’ तुम्ही स्वतः परळला पाळीपाळीने वळकटी पसरून झोपत होतात, हे आम्हाला तुम्ही गेल्यावर कळलं. शाळा मी त्याच वर्षी सोडली. आता अंधेरीला एका कारखान्याच्या गोदामात काम करतो आणि सामानावरच्या चिठ्ठ्या मीच लिहितो, कारण माझ्या लिहिण्यात चूक सापडत नाही.

जागा भाड्याची आहे, पण तसं म्हणायचं नाही. आमच्या सोसायटीत भाडेकरू ठेवायला परवानगी नाही, नातेवाईक चालतो. मालक बदली होऊन नाशिकला गेले. किल्ली देताना म्हणाले, ‘आडनाव वेगळं आहे तुझं, तेव्हा भाचा म्हणून सांग.’ मी मान हलवली. लहानपणी शाळेत पहिला नंबर आला असं मी शेजाऱ्यांना खोटंच सांगितलं होतं, तेव्हा तुम्ही मला हाताला धरून त्यांच्या अंगणात नेऊन खरं सांगायला लावलंत. किल्ली घेताना ते अंगण डोळ्यांसमोर आलं, तरी मी ती घेतली. दुसरी जागा माझ्या पगारात बसत नव्हती. सोसायटीचे सेक्रेटरी जिन्यात भेटले की विचारायचे, ‘मामा सख्खे ना रे तुझे?’ मी ‘हो’ म्हणायचो आणि पायऱ्या चढताना पाठीवर त्यांची नजर जाणवायची.

मागच्या रविवारी आई येणार होती, कायमची. सकाळी तिच्यासाठी शिरा करायला घेतला. रवा लालसर होत आलेला असताना दार वाजलं. सेक्रेटरी उभे, मागे समोरच्या घरातल्या काकू. सेक्रेटरी म्हणाले, ‘तुझ्या मामांचा फोन होता माझ्याकडे. तुझी आजी गेली रे पहाटे.’ सांगताना ते माझ्या तोंडाकडे बघत होते. आणि माझ्या तोंडून काय निघावं? ‘रवा करपेल,’ म्हणून मी आत गेलो.

‘आजी गेली आणि ह्याला रव्याची पडलीय!’ सेक्रेटरी काकूंना म्हणाले.

‘धक्क्याने सुचत नाही हो माणसाला,’ काकू म्हणाल्या आणि थेट आत येऊन त्यांनी स्टोव्ह बंद केला. ‘आईची आई म्हणजे तीन दिवस सुतक लागतं, कळलं? गोडधोड काही करायचं नाही. मी पिठलं-भात आणते.’

‘मग तू निघत नाहीस नाशिकला?’ सेक्रेटरींनी विचारलं.

‘आज आई यायची आहे गावाहून,’ मी म्हणालो. म्हणालो आणि मग लक्षात आलं, की ह्यांच्या लेखी मामांची बहीण म्हणजे माझी आई.

‘अगं बाई! म्हणजे लेकीला अजून माहीतच नाही?’ काकूंनी कपाळाला हात लावला.

एसटी स्टँडवर आई बोचकं मांडीवर घेऊन बसली होती. रिक्षात बसल्यावर सांगायचं, असं मी ठरवलं होतं. पण ती एकेक इमारत बघत होती, हसत होती. बाबा, तिला तसं हसताना मी कितीतरी वर्षांनी बघत होतो. आमच्या इमारतीपाशी रिक्षा थांबली तेव्हा तिने मान वर करून विचारलं, ‘हयसर रवतंस तू?’ ‘हो, इथेच राहतो,’ म्हटलं, बाकीचं सांगितलं नाही. जिन्यात सांगू म्हटलं, तर जिन्यातच काकू पातेलं घेऊन उभ्या आणि वरच्या पायरीवर सेक्रेटरी.

काकूंनी आईचा हात धरला. ‘वहिनी, मन घट्ट करा. आई गेल्या हो तुमच्या.’

आई माझ्याकडे बघते. तिची आई माझ्या जन्माआधीच गेलेली. मी नुसता बघतो तिच्याकडे, आणि मी काय मागतोय ते बहुतेक तिला कळतं. ती बोचकं खाली ठेवते, पायरीवर बसते आणि पदरात तोंड घालून रडायला लागते. तुम्ही गेलात तेव्हा ती माणसांसमोर रडली नव्हती. काकूही रडायला लागतात. मी मात्र सेक्रेटरींच्या तोंडाकडे बघत होतो. त्यांनी चष्मा काढून पुसला तेव्हा मला कळलं, की जागा राहिली.

दार लावल्यावर आईने डोळे पुसले. मग म्हणाली, ‘कोणाची आवस मेली रे?’ मालकांची आई, म्हणून मी सगळं सांगितलं. ती ओरडेल असं वाटलं होतं. तिने एवढंच विचारलं, ‘नाव काय तिचा?’

मालकांनी मला बहिणीचं नाव पढवलं होतं, गावाचं, मेहुण्याच्या नोकरीचंही. स्वतःच्या आईचं नाव त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

‘रडलंय मी तिच्यासाठी,’ आई म्हणाली. ‘नाव तरी होया.’

मी एक नाव सांगितलं. तिने ते पुटपुटत हात जोडले. रोज संध्याकाळी दिवा लावला की ती अजून ते नाव घेते. ते मी बनवलेलं आहे, हे आईला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगितलं, कारण तुम्ही आता मला हाताला धरून तिच्यासमोर नेणार नाही.