आधी हात, मग आवाज

प्रिय भिंगरी,

पाकीट बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोन करता आला असता, पण फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि स्क्रीनवर आलीस की माझं तोंड न्याहाळत बसतेस. पत्रात मध्येच बोलायची सोय नाही, म्हणून हा खटाटोप. चौथीत शाळा सुटलेल्या बाईचं अक्षर आहे, ओळी उताराला लागल्यात. लागू देत. वाचता येतंय ना, मग कुरकुर नको.

परवा तुझी आई सांगत होती की ऑफिसात तुला कुणी म्हणालं, तुमचं काम भिंतीतल्या नळासारखं. चालू असेल तर कुणाच्या ध्यानात नाही आणि फुटला की सगळे शिव्या घालणार. यावर तू म्हणे तोंड पाडून बसलीस, काम बदलायचं म्हणतेस. बदल बापडी, तुझं पोट तुझ्या हाती. पण त्याआधी मला जे दिसलं ते ऐकून घे. कौतुक करायची मला सवय नाही हे तू जाणतेस. लहानपणी तू घोडा काढून आणायचीस आणि मी कुत्रा छान आहे म्हणायचे, तीच मी अजून आहे.

तुझी धाकटी आजी, माझी पाठची बहीण, जन्मापासून ऐकत नाही. तिला शाळेनं घेतलं नाही, मला घेतलं तर मी टिकले नाही. आमची भाषा आम्ही दोघींनीच केली, मागच्या खोलीत, एका पांघरुणात. आई म्हणजे कानाची पाळी ओढायची, कारण ती आमचे कान पिळायची. बाबा म्हणजे मुठीत खोकायचं. मी म्हणजे मनगटानं नाक पुसायचं. या नावाबद्दल मी तिला अजून माफ केलेलं नाही. आईला वाटायचं या नुसत्या खाणाखुणा. अगं, आम्ही त्यात भांडायचो, खोटं बोलायचो, शेजाऱ्यांची नक्कल करायचो, मेल्यावर माणूस कुठे जातं यावर वाद घालायचो. खाणाखुणांत कुठे वाद घालता येतो?

पुढे ती सूतगिरणीत लागली. तिथे यंत्रांच्या खडखडाटात सगळेच बहिरे, ही एकटी आरामात. तिथल्याच एका मिस्त्रीनं तिच्याकडून हात शिकून घेतले आणि तिच्याशी लग्न केलं. चांगला माणूस होता, तोंडानं फार बोलायचा नाही, हातानं मात्र खूपच. त्याची बदली झाली आणि ती दोन दिवसांच्या प्रवासावर गेली. तिचा मुलगा, म्हणजे तुझा मामा, त्याला मात्र तिच्या सासूनं हात शिकू दिले नाहीत. म्हणे पोर तोंडानं बोलायचं नाही. तो बोलायला शिकला, चिक्कार शिकला, पण आईशी त्याचं बोलणं जेव, झोप आणि ये एवढ्यात उरकतं. मिस्त्री गेल्यावर त्या भाषेत दोनच माणसं उरली. एक ती, एक मी, आणि आमच्या मध्ये सगळा रस्ता.

आमच्याकडे पहिला फोन आला तेव्हा ती माहेरपणाला आली होती. सगळे हारीनं उभे राहून कानाला लावत होते. हिनंही लावला. मग तोंडाशी धरला, मग भोकांत डोळा घालून पाहिलं, आणि माझ्या हातात परत देऊन सांगितलं, मेलेला उंदीर. तेव्हापासून घरात किती नवे फोन आले, तिच्यासाठी सगळे उंदीरच.

म्हणून तू तुमच्या ऑफिसात केलेल्या पानाची ती निळी ओळ पाठवलीस तेव्हा मी काही आशा धरली नव्हती. म्हणालीस, आजी, हिच्यावर बोट ठेव. काही उतरवून घ्यायचं नाही, नाव-गाव भरायचं नाही. ठेवलं. त्यानं विचारलं, कॅमेरा वापरू का? मी म्हटलं, माणसांपेक्षा सभ्य दिसतंय. मग काळं, मग पांढरं, आणि मग धाकटी. नाक पुसत होती. सबंध स्क्रीनभर माझ्या नावानं नाक पुसत होती.

मी बोट वर केलं, तिनं केलं. मी गाल फुगवला, तिनं फुगवला. मागाहून नाही गं, तेव्हाच. माझं बोट खाली येईतो तिचं आलेलं. दोन दिवसांचा रस्ता कुठे गेला ते मला आजवर कळलेलं नाही. आम्ही दोघी रडलो असं तुझी आई सगळ्यांना सांगते, साफ खोटं. धाकटीनं मला पहिली गोष्ट सांगितली ती ही, की तू फार म्हातारी दिसतेस.

मी तुला विचारलं होतं, हे वाहून नेतो कोण? मध्ये कोण बसलंय? तू म्हणालीस, मध्ये एक असतो, पण तो फक्त ओळख करून देतो. आपण घरात बसलो की आपलं दार रस्त्यावरून कसं दिसतं ते आपल्याला दिसत नाही, तसं या मशीनलाही स्वतःचा बाहेरचा पत्ता ठाऊक नसतो. ते बाहेरच्या कुणाला तरी विचारतं, मी तुला कुठे दिसतो? दोघींचे पत्ते एकमेकींना कळले की मधला बाजूला होतो आणि पुढचं थेट, तुझ्याकडून तिच्याकडे. कधी दोन्ही दारं घट्ट असली तरच तो मध्ये उभा राहून इकडचं तिकडे देतो. आणि ज्या तुकड्याला उशीर झाला तो टाकून द्यायचा, त्याच्यासाठी थांबायचं नाही, कारण आताचं आताच पोचायला हवं. मी रात्री अंथरुणावर पडून यावर विचार केला. माझ्या आयुष्यात मधले पुष्कळ आले, पण ओळख करून देऊन निघून गेलेला एक नाही. निदान चहाला तरी थांबतातच.

आता हिवाळ्यातली गोष्ट. तू होतीस त्यात, पण तू तुझ्या टोकाला होतीस, माझ्या टोकाचं तुला माहीत नाही. धाकटी जिन्यावरून पडली, खुबा मोडला. दुसऱ्या दिवशी मामाचा फोन, मावशी, आईचं डोकं फिरलंय. सुई लावू देत नाही, स्वतःचा गळा धरते, नर्सला ढकलते. एक हात बांधलाय, दुसराही बांधावा लागेल म्हणतात, मग ऑपरेशन. मी म्हटलं, गाढवा, हात बांधलेस तर तिचं तोंड बांधलंस. तो म्हणाला, मग मी काय करू, मला काय कळतंय? आणि रडायला लागला, एवढा मिशा पिकलेला माणूस. म्हणून मी फोन करून तुला उठवून बसवलं.

तिथे वॉर्डात चाकांच्या टेबलावर त्यांचा कॉम्प्युटर होता. नर्स म्हणाली, यावर काही बसवायला परवानगी नाही. तू म्हणालीस, बसवायचं काही नाहीच, फक्त पान उघडा. उघडलं. धाकटी दिसली, डावा हात पट्टीनं पलंगाच्या कठड्याला. मला बघताच तिनं उजव्या हाताचं बोट दंडात टोचलं, हात वर नेला आणि चित्र थिजलं. हात हवेत. आवाज मात्र येत होता. मशीनचं टुकटुक येत होतं, कुणाच्या चपला येत होत्या, मावशी ऐकू येतंय का, मावशी ऐकू येतंय का, हा मामाचा घोशा येत होता, घासलेल्या भांड्यासारखा लख्ख. मला काय करायचा होता तो? चित्र हललं, पुन्हा थिजलं. हात आता मांडीवर. मधलं सगळं बोलणं गेलं.

मी शेजारणीच्या फोनवर तुझ्यावर ओरडले, आवाज आहे, बाई नाही! मग हळूच म्हणालीस, आजी, आम्हीच त्याला तसं शिकवलंय. रस्ता अरुंद झाला की आवाज वाचव, चित्र सोड. लोकांना तेच हवं असतं. मग तुझी बोटं खडखडायला लागली. तिकडचा आवाज तू बंद केलास, माझा तेवढा जाऊ दिलास, चित्राचा नखरा काढून टाकलास आणि दोन्हीकडे पान पुन्हा उघडायला लावलंस. म्हणालीस, अंधुक दिसेल, पण थांबणार नाही.

आली ती. तोंडावर कुणी वाळू फेकल्यासारखी, नाक कुठे, डोळे कुठे पत्ता नाही. पण हात चालत होते गं. वाळूतून चालत होते. सुई. गळा. मूठ गळ्याशी नेऊन उघडली. सुई, गळा, फुगा. पुन्हा तेच. तुझ्या मामाच्या वेळचं बाळंतपण, तापावर दिलेलं इंजेक्शन, तिचा सुजलेला गळा आणि निळं पडलेलं तोंड, सगळं माझ्यासमोर झालं होतं. तिथे असलेलं तिसरं माणूस मिस्त्री, आणि तो आता सांगायला नाही. मी घसा फाटेस्तोवर ओरडले, ती गळा दाबत नाही, ती सांगतेय! सुईनं गळा सुजतो म्हणून सांगतेय!

नर्स पळाली, डॉक्टरबाई आली. तिचे ओठ हलत होते, मामाचे हलत होते, माझ्याकडे बघून हलत होते, आणि मला शब्द नाही. धाकटीच्या जागेवर मी त्या दिवशी पहिल्यांदा बसले. आपल्याबद्दलच चाललंय हे दिसतं आणि काय चाललंय ते कळत नाही. तिनं सगळा जन्म असा काढला आणि वर आम्हाला हसवलं. डॉक्टरबाईनं मग कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून समोर धरलं, कशासाठी दिलं होतं? मी वाचलं, धाकटीला विचारलं, तिनं सांगितलं, मी ओरडून सांगितलं. डॉक्टरबाईनं औषध बदललं, आणि मग खाली वाकून स्वतः ती पट्टी सोडली. दुसरा हात सुटल्यावर धाकटी पहिलं वाक्य दोन्ही हातांनी मामाबद्दल बोलली. ते मी त्याला सांगितलेलं नाही, तुलाही सांगणार नाही.

आता ती वॉकर घेऊन घरभर फिरते आणि मामाच्या बायकोच्या स्वयंपाकाला नावं ठेवते, म्हणजे बरी आहे. तू त्या पानावर बटण करून ठेवलंस, आधी हात, मग आवाज. तूच म्हणालीस ना, कुठकुठल्या अनोळखी लोकांनी ते दाबलं, कुणाकुणाचे निरोप आले? मी रोज दुपारी दाबते. दर वेळी काळं, पांढरं, आणि मग ती. जन्मभर काजं-बटणं केली मी, बारीक काम मला कळतं. एका बाईची दहा बोटं उचलून हवेतून न्यायची आणि एकही टाका न चुकता दुसऱ्या बाईसमोर ठेवायची, हे मला कळत नाही, आणि कळत नाही म्हणून बरं वाटतं. नळ म्हणणाऱ्याला माझ्याकडे पाठव.

आता पत्र का लिहिलं ते. स्क्रीनवर सांगितलं असतं तर तू माझ्या डोळ्यांत बघितलं असतंस, आणि मला तेच नको होतं. माझ्या नजरेचा मधला भाग चाललाय. डॉक्टर म्हणतो कडेकडेचं राहील, मधलं येणार नाही, चष्म्याचा उपयोग नाही. हे पत्र मी मान तिरकी करून लिहितेय. धाकटीची कोपरं मला दिसतात, बोटं विरतात. ती विचारते, बघतेस कुठे? मी सांगते, नेट खराब आहे. तुझ्या मशीनवर आळ घेतेय मी गेले काही दिवस, आणि ती आता पूर्वीसारखी फसत नाही. माझ्यामागे तिचं बोलणं तुझं यंत्र बरोबर आणून पोचवेल, आणि इकडे ते घ्यायला कुणी नसेल. तुझ्या आईला धीर नाही, मामाला उशीर झाला. तू शीक. काम सोडायचं की ठेवायचं ते तुझं तू बघ, पण आधी रजा काढ आणि ये. सकाळी मी तुझा हात हातात धरून शिकवीन, दुपारी तुला तिच्यासमोर बसवीन. ती हसेल तुला, चिडायचं नाही. आणि येण्याआधी ती लांब रंगवलेली नखं काप, त्यांच्यामुळे तिला शब्द कळायचे नाहीत.

तुझीच, वाट कडेकडेनं बघणारी,
आजी