गुळाचा डबा

१६ जानेवारी, गुरुवार

डावाच खांदा! पडायचंच होतं तर उजव्यावर पडायला काय झालं होतं? दुकानाच्या शिडीवरून घसरलो तो नेमका डाव्यावर. परभणीला ऑपरेशन करून प्लेट बसवली, काल मानवतला घरी आलो. हात झोळीत.

आम्हा लिंगायतांना पूजेला गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायचं असतं. सकाळी हात झोळीतून काढून छातीसमोर धरला – लटलट कापायला लागला. ठणका असा की डोळ्यांत पाणी. थांबत थांबत केली पूजा. अकरा वाजले.

१८ जानेवारी, शनिवार

दुखण्याची गोळी जेवल्यावर घ्यायची. पूजेआधी मी पाण्याशिवाय काही घेत नाही. म्हणजे गोळी नाही. गोळी नाही म्हणून हात धरवत नाही, हात धरवत नाही म्हणून पूजा लांबते!

लेक धनश्री पालमहून आली होती. म्हणाली, "आप्पा, आधी दोन घास खा, गोळी घ्या, मग करा की निवांत पूजा." डॉक्टरही तेच म्हणाले होते. म्हटलं, जन्मात केलं नाही ते आता करू?

शेजारचा मुंजाजी संध्याकाळी येऊन गेला. धोंडप्पा, लय सोसायलास बाबा, म्हणाला. बरं वाटलं – खोटं कशाला लिहू.

२१ जानेवारी, मंगळवार

बायकोचं लक्ष कुठं असतं कोण जाणे. भस्माची वाटी मागितली तर अर्धं भस्म फरशीवर! तिचा हात कापत होता, कपाळावर घाम. थंडीत घाम! म्हटलं, चन्नबसम्मा, खांदा माझा मोडलाय का तुझा?

तिची स्वतःची पूजा पहाटेच उरकते. मग माझी होईपर्यंत बसून असते. माझ्याआधी ती घास घेत नाही, लग्न झाल्यापासूनची रीत. नुसतं बसायचं तर आहे. एवढं गडबडायला काय होतं?

२३ जानेवारी, गुरुवार

आज रंगेहाथ पकडली! पूजा अर्ध्यावर टाकून पाणी घ्यायला स्वयंपाकघरात गेलो, तर ही गुळाचा डबा उघडून उभी. तोंडात खडा! संक्रांतीचा गूळ उरला होता. शुगर असलेली बाई! सकाळी उठून शुगरची गोळी घ्यायची आणि वरून चोरून गूळ खायचा! चांगली खडसावली. डबा उचलून पार वरच्या फळीवर ठेवून दिला, तिचा हात पोचत नाही तिथं.

२५ जानेवारी, शनिवार

चन्नबसम्मा दवाखान्यात. लिहवत नाही.

२६ जानेवारी, रविवार

काल पूजेत असताना स्वयंपाकघरात आवाज झाला. पातेलं पडलं असेल, म्हटलं. रागच आला. उठलो नाही! पूजा संपवून गेलो तर ही फरशीवर, घामानं भिजलेली. एका हातानं उचलायला गेलो, उचलेना. मुंजाजीला हाका मारल्या, त्यानंच रिक्षात घातली.

साखर पार उतरली होती. डॉक्टरांनी विचारलं, या सकाळी गोळी घेऊन जेवतात कधी? काय सांगू? खांदा मोडायच्या आधी माझी पूजा लवकर व्हायची, आठला दोघं जेवायचो. तिच्या गोळीला पोटात अन्न मिळायचं. आता ती गोळी घेते आणि अकरापर्यंत माझ्यासाठी उपाशी बसते. माझा ठणका मी येईल-जाईल त्याला सांगत होतो. तिला कसंतरी होतंय हे दिसत असून विचारलं नाही.

शुद्धीवर आली. पहिलं काय विचारावं? "तुमी जेवले का?"

मग थोड्या वेळानं म्हणाली, "गुळाचं मनात धरू नका. रोजच चक्कर यायलती म्हणून खडा टाकायची तोंडात. तुमच्या आधी खायला नको होतं मी."

माझी माफी मागते! त्याच खड्यावर ती इतके दिवस उभी होती, आणि तो मीच काढून घेतला. हे डॉक्टरांना सांगितलं नाही, धनश्रीलाही नाही. लाज वाटते.

२८ जानेवारी, मंगळवार

काल तिला घरी आणली. गुळाचा डबा खाली काढून ओट्यावर ठेवला.

ताट समोर असल्याशिवाय गोळी घ्यायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. आज सकाळी म्हटलं, तू आधी खाऊन घे. नाही म्हणाली. ओरडलो, तरी नाही. "तुमची पूजा होऊ द्या." गोळी हातात धरून बसली. माझी पूजा आज अर्धवटच झाली, मन लागेना.

२९ जानेवारी, बुधवार

आज आंघोळीच्याही आधी स्वयंपाकघरात जाऊन बसलो. भाकरी वाढ म्हटलं. तिला वाटलं मला ताप आलाय. पहिला घास घशाखाली उतरेना, उतरवला. मग तिनं गोळी घेतली, भाकरी मोडली. ती जेवत असताना माझीही गोळी घेतली.

नंतर आंघोळ करून पूजेला बसलो, तर तळहात जरासुद्धा हलला नाही. एवढंच करायचं होतं!