चप्पल बिघडली

सोमवार, ३ जून

लिही गं सूनबाई, सांगते तस्सं. माझी वाक्यं सुधारायची नाहीत!

टिचकीला — साडेतीन वर्षांची माझी नात — आज शोध लागला. तिनं डोक्यावर चप्पल ठेवली की आजी हसते. अकरा वेळा ठेवली, अकरा वेळा हसले. पोट दुखायला लागलं. पंख्याचं बटण दाबावं तशी मला चालू करते कार्टी!

मंगळवार, ४ जून

आज मोर्चा आजोबांकडे. ह्यांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. गेल्या थंडीपासून उजवा हात थरथरतो. तेव्हापासून खिडकीजवळच्या टेबलावर फडकं टाकलंय आणि त्याच्याकडे पाठ करून बसतात. हसूही त्या फडक्याखालीच ठेवलंय वाटतं.

टिचकी चप्पल घेऊन समोर उभी. हे भिंतीकडे बघतात. ती जवळ सरकली. आणखी जवळ. नाकाला नाक! काही नाही. मला वाटलं, आता भोकाड पसरणार. तर चप्पल उलटीपालटी करून बघितली.

"आजी, बिघडली."

"आजोबा बिघडलेत गं." मुद्दाम मोठ्यानं म्हटलं.

"नाही! चप्पल!"

गुरुवार, ६ जून

माझ्यावर चालते, तर बिघडलेली कशी? — विचारलं. म्हणते, "थोडीच बिघडली." ही वकील होणार!

शुक्रवार, ७ जून

आज डाव्या पायातली. तीही नाही चालली.

रविवार, ९ जून

दुपारी टेबलावरचं फडकं कुणीतरी खाली ओढलं. कुणी, ते सांगायला नको. चप्पल टेबलावर. "आजोबा, दुरुस्त करून दे."

मी दारातच थबकले.

"हात थरथरतो गं माझा."

"मी धरते." दोन्ही हातांनी मनगट धरलंन सुद्धा!

ह्यांनी भिंग डोळ्याला लावलं. कितीतरी महिन्यांनी! चप्पल वाकवून आत बघितलं, कानाला लावली. "हं. आत काहीतरी अडकलंय." चिमट्यानं ओढल्यासारखं केलं. चिमटा थरथरला, टिचकीचे हातही थरथरले. मग चप्पल उचलून ठेवली — स्वतःच्या डोक्यावर!

टिचकी हसली नाही. मास्तरणीसारखी म्हणाली, "चुकलं. माझ्या डोक्यावर ठेवायची."

तेव्हा हसले हे. पार ठसका लागेपर्यंत. टिचकीनं चप्पल काढून घेतली, नीट बघितली.

"झाली दुरुस्त."

मी पदर तोंडात धरून आत गेले. हसायलाच गेले, असं लिही.

मंगळवार, ११ जून

आज अक्षर वाकडंतिकडं आलं असेल. येऊ दे, मला कुठे वाचता येतंय! सूनबाईला सुट्टी दिलीय. लिहिणाऱ्याचं मनगट टिचकीनं धरलंय.

मागची पानं वाचून विचारतात, "मी बिघडलो होतो काय?"

लिहा — थोडेच.