तू आहेसच की

१७ ऑगस्ट, रविवार

प्रभू बोलला आणि अख्खा हॉल टाळ्या वाजवत उठला. समाजाच्या गुणवंत मुलांचा सत्कार होता आणि पाहुणा कोण, तर माझा जुळा भाऊ! "परिस्थितीला दोष देऊ नका. माझी बहीण समोरच बसलीय. आम्ही एकाच दिवशी जन्मलो. एक घर, एक शाळा. पुढं ज्यानं त्यानं आपला रस्ता निवडला."

निवडला! बारावीला मला त्याच्यापेक्षा जास्त मार्क होते. आई, आमची अव्वा, अंथरुणाला खिळली. तो इंजिनिअरिंगला पुण्याला गेला, आणि मी घरी राहून तिचं हगणं-मुतणं काढलं. आता भरल्या सभेत मी उदाहरण म्हणून बसायचं. मीही टाळ्या वाजवल्या, त्याचाच जास्त राग येतोय.

१८ ऑगस्ट

डोकं अजून तापलेलंच. पतसंस्थेत दोनदा व्हाउचर चुकलं.

२० ऑगस्ट

अव्वाच्या गुडघ्याचं ऑपरेशन सोमवारी ठरलं. प्रभूचा फोन — "पैशाची काळजी करू नकोस. मला सुट्टी नाही मिळणार, पण तू आहेसच." आहेच मी! माझी रजा शिल्लक आहे का, हे विचारावंसंही वाटलं नाही त्याला.

दिवसा माझी लेक सिद्धी थांबेल हॉस्पिटलात, सांगून टाकलंय तिला. त्याच आठवड्यात खो-खोची निवड आहे म्हणे. ती काय, पुढच्या वर्षीही होईल. माझ्या मुलाचा, बसूचा, क्लास बुडवून चालणार नाही, त्याची दहावी आहे.

२३ ऑगस्ट, शनिवार

अव्वाला आणायला होटगीला गेले. तिची लुगडी पिशवीत भरता भरता विचारलंच — तेव्हा मलाच का ठेवून घेतलं?

"तुझ्या अप्पांनी पयलं प्रभूलाच इचारलं हुतं की गं. वर्षभर थांबतो का म्हणून. न्हाय म्हणाला."

"आणि मला?"

"तुला काय इचारायचं? तू हायसच की."

अगदी सहज म्हणाली. वर पानाचा डबा विसरू नको म्हणाली.

पंचवीस वर्षं मी समजत होते, वेळ माझ्यावर आली. वेळ त्याच्यावरही आली होती — त्याला ‘नाही’ म्हणता आलं. मला विचारलं असतं तर मी हो म्हटलंही असतं. पण विचारायला काय झालं होतं!

घरी आलो तर सिद्धीनं हॉस्पिटलची पिशवी भरून ठेवली होती. मी तिला थांब म्हणाले होते. थांबशील का, असं विचारलं नव्हतं.

२४ ऑगस्ट, रविवार

सकाळी सिद्धीला विचारलं. "नाही," म्हणाली, आणि घाबरून माझ्याकडे बघत राहिली. आधी मला रागच आला.

मग प्रभूला फोन लावला. त्याला विचारलं नाही. उद्या सकाळी ये, म्हणून सांगितलं.