शाळा ‘ब’

आदरणीय भाऊजींना धाकट्या मेहुणीचा वाकून नमस्कार.

ताईचे गुडघे कसे आहेत? तुमचं पित्त कमी झालं असेल अशी आशा आहे. (माझं चार दिवसांपासून वाढलंय, कारण पुढे येईलच.)

वेतनश्रेणी वाढायची तर आता आम्हा शिक्षकांनाही अभ्यासक्रम करावा लागतो. शिक्षण, आरोग्य आणि अध्ययन यांवरचे दहा शोधनिबंध वाचायचे आणि प्रत्येकावर पानभर चिंतन लिहायचं. नऊ झाले. (एकात सिद्ध केलं होतं की उपाशी मुलांचं लक्ष लागत नाही. त्या दिवशी मी डबा विसरले होते, त्यामुळे चटकन पटलं.) दहावा निघाला तुमचा. मी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना तुमचं नाव दाखवत फिरले. मग वाचायला घेतला, तेच चुकलं.

दोन शाळांतल्या मुलांचे डोळे तपासले. ‘अ’मधल्या अधू नजरेच्या मुलांना लगेच चष्मे दिले. ‘ब’मधल्या एकेचाळीस जणांना वर्षभर दिले नाहीत, कारण तुलनेला कुणीतरी हवं. वर्षाअखेर ती मुलं वाचनात मागे पडली. निष्कर्ष: फळा दिसला तर शिकता येतं. (आमच्या शिपाईमामांनी हे एका कप चहात सांगितलं असतं.) मग ‘ब’चं वर्णन वाचलं: पत्र्याचं छप्पर, मागे लाकडाची वखार, चौथीच्या वर्गाला दोन दारं. भाऊजी, त्यातलं एक दार नीट लागत नाही. मी रोज त्याला वीट लावते.

तीन वर्षांपूर्वी तुम्हीच म्हणाला होतात, “तपासणी फुकट आहे, पालकांच्या सह्या तेवढ्या मिळवून दे.” मी दारोदार फिरून मिळवल्या. पुढे चष्म्यांचं विचारलं की तुमचं एकच, अहवाल यायचाय. आला एकदाचा. त्यात असंही आहे की ‘ब’मधल्या शिक्षिकेचा उत्साह बेताचा होता. ती मी.

त्या वर्षी वर्गात एक मुलगी होती. पेन्सिली कुरतडायची म्हणून सगळे तिला खारूताई म्हणत. फळ्यावरचा पाच तिच्या वहीत चार व्हायचा. मी प्रगतिपुस्तकात लाल शाईने ‘निष्काळजी’ लिहिलं आणि तिच्या आईला बोलावून ऐकवलं. आईने माझ्यासमोरच तिच्या मुस्कटात दिली. आता ती सातवीत आहे. चष्मा अजून नाही. आज तिला व्हरांड्यात गाठून विचारलं, फळा दिसत नव्हता तर बोलली का नाहीस?

“मला वाटलं सगळ्यांना तसाच दिसतो, बाई.”

हे पत्र ताईला दाखवू नका. तिला तुमच्या हुशारीचं फार कौतुक आहे. घरात एकाला तरी असू दे.

तुमची,
बेताच्या उत्साहाची मेहुणी

ता. क. त्या एकेचाळीस जणांची नावं तेवढी पाठवा. नंबर आता बदलले असतील, डोळे मी पुन्हा तपासून घेईन.

आणखी एक. तुमच्या निबंधावरच्या चिंतनात मी ‘अत्यंत मार्गदर्शक’ असं लिहिलंय. पैकीच्या पैकी गुण मिळाले.

आणि हेही लिहूनच टाकते. खारूताईने तेव्हा एकदा विचारलं होतं, बाई, मी पुढे बसू का? पहिला बाक हुशार मुलांचा असतो, असं मीच तिला सांगितलं.