घर क्रमांक ४१

नांदेड,
दि. १७ जून २०२५

चि. पंचशीलास,
सप्रेम जयभीम. इकडं सगळे मजेत. किल्लारीचं कळव.

फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस, म्हणून कागद. किनवटच्या मुलींच्या वसतिगृहाचा ई-मेल सर्व्हर सहा वर्षं मी एकटा चालवून राहिलो, कुठला क्लास न लावता. परवा प्रवेशाची त्रेसष्ट पत्रं पाठवली. त्रेसष्टच्या त्रेसष्ट परत. आपला सर्व्हर म्हणे स्पॅमवाल्यांच्या काळ्या यादीत! खणून काढलं. इंटरनेटवर सर्व्हरला आकड्यांचा पत्ता असतो; लॉटरीची खोटी पत्रं पाठवली शेजारच्या पत्त्यानं, अन् यादीवाल्यांनी सलग २५६ पत्त्यांची अख्खी गल्लीच बंद केली. मी पाच पानी अर्ज केला, सहा वर्षांच्या नोंदी जोडून. छापील उत्तर आलं, नामंजूर. आमचे सचिव मन्मथ सर म्हणाले, मुलींना फोन करतो, पण तीस तारखेपर्यंत सुटलं नाही तर तुमचा सर्व्हर बंद, काम कंपनीला.

जीव थाऱ्यावर नाही.

तुझा दादा,
धम्मानंद

किल्लारी,
दि. २१ जून

ती. दादास,
सविनय जयभीम. पत्र मधल्या सुट्टीत वाचलं.

पाच पानं? यादीवाल्याला सर्व्हरची वंशावळ कशाला सांगितलीस? अन् पत्त्यावरून माणूस बाद करायचा, हे आपल्याला नवं हाय का? गावात पोस्टमन वस्तीत यायचा न्हाई, आपली पत्रं चावडीवर टाकायचा. बाबांचा अर्ज आठव: "घर क्रमांक ४१. दार पूर्वेला. माणसं घरात आहेत. पत्र इथंच द्यावं." आठ दिवसांत पोस्टमन दारात. तू गल्लीचं भांडण भांडू नको, आपलं दार दाखव.

वहिनीला जयभीम. रागावलास तरी माया कमी करू नको.

तुझी,
शीला

नांदेड,
दि. २५ जून

चि. शीले,
जयभीम, जयभीम, जयभीम. सुटला!

तुझं पत्र काल दुपारी २.१० ला मिळालं, २.३० ला अर्ज गेला: "हा पत्ता आमचा. लॉटरीवाला शेजारी. सर्व्हर चालू आहे, माणूस हजर आहे. एवढंच दार उघडावं." पत्त्याचा शेवटचा आकडा ११८ आहे, ४१ नाही, एवढीच काय ती कमी. ३.५२ ला उत्तर आलं, पत्ता वगळला. त्रेसष्ट पत्रं पुन्हा सोडली, एकही परत नाही. मन्मथ सर माझ्या खुर्चीमागं उभे राहून मोजत होते. शेवटी विचारलं, कुठल्या कंपनीकडून करून घेतलं? मी म्हणालो, घर क्रमांक ४१. त्यांना काही कळलं नाही, मीही सांगितलं नाही. कंपनीचा विषय मात्र पुन्हा निघाला नाही.

तुलाही एक ई-मेल पाठवलाय. मिळाल्याचं लेखी कळव, वेळेसकट.

हरखलेला,
दादा

किल्लारी,
दि. ३० जून

ती. दादास,
सविनय जयभीम. ई-मेल मिळाला, काल सकाळी ९.०५. आला होता आधीच, पण माझ्या फोननं त्याला स्पॅममध्ये बसवलं होतं. मी हाताला धरून आत आणला अन् फोनला बजावलं, हा माझा भाऊ हाय.

ई-मेल कर, पण कागदही येऊ दे. माया आहे तशीच असू दे.

तुझी,
शीला

ता. क. जास्त लिहीत नाही. पोस्टमन दारात उभा आहे, हे त्याच्याच हाती देते.